चाळिसावा प्रश्न

नागपूर, ५ ऑगस्ट २००३

चि. शामकला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

नर्स आपण दोघी बहिणी, पण खुर्ची माझ्या वाट्याला आणि देवरीचे डास तुझ्या! आमच्या कॉलेजनं गावोगावच्या नर्सबायांना विचारलं होतं, संशोधन कशावर व्हावं ते एका प्रश्नात लिहा. चाळीस प्रश्न आले, त्यांचा क्रम लावतोय. तुझा सिकलसेलचा प्रश्न तिसरा लागलाय, फुगू नकोस.

तुझ्याच उपकेंद्रातून आणखी एक कागद आलाय. खाली सही धुरपताबाई. लिहिलंय, नर्सच बिमार पडली तर तिले कोन पायते? मॅडम लोक हसले, मीही हसले, आणि तो चाळिसावा टाकला. या बाई कोण गं?

लोभ आहेच, तू तो पत्रातून दाखवत जा.

तुझी,
सुशीलाताई

उपकेंद्र, ता. देवरी, ११ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तिसरा नंबर वाचून फुगलेच मी. पण ताई, धुरपताबाई माझ्या आधीच्या नर्स. मागच्या श्रावणात याच खोलीत मलेरियानं गेल्या. धानाच्या रोवणीसाठी सारं गाव शेतात, बांधीत; बाई सुटीवर गेल्या असतील असं समजून पाच दिवस कुणी दार उघडलं नाही. तो कागद मी पाठवलेला नाही.

मलाही चार दिवस ताप आहे. रक्ताची स्लाइड माझी मीच काढली. काळजी करू नकोस, दुपारी एक म्हाताऱ्या नर्सबाई येतात, नाडी पाहतात, कपाळावर ओली पट्टी ठेवतात. हात फार गार आहे त्यांचा, बरं वाटतं. काल त्यांनी विचारलं, माह्या सवालाचा नंबर कितवा लागला. खोटं बोलवेना, चाळिसावा म्हटलं. पट्टी उचलून गेल्या. आज आल्या नाहीत.

टपालवाला दाराशी थांबलाय. मी सुटीवर आहे असंच त्याला वाटत होतं. अक्षराला हसू नकोस, माया कर.

तुझी,
शामकला

नागपूर, १४ ऑगस्ट

चि. शामकला,

पत्र आत्ता मिळालं. तुझ्या साहेबांना फोन लावला, तर तुझ्या नावापुढं सुटी मांडलीय म्हणाले. मला भीती वाटतेय गं. हसले त्याची लाजही वाटतेय. मॅडमपुढं यादी फाडली, नवी लिहिली.

ही चिठ्ठी रायपूरला निघालेल्या ट्रकवाल्याजवळ देते, तो देवरीवरूनच जातो, माझ्याआधी पोचेल. मी औषधं घेऊन पुढच्या बसनं येतेय. लोभाचं नंतर पाहू, आधी तू हवीस.

बाई आल्या तर सांग, तुमचा प्रश्न पहिला लागला. आणि मी पोचेपर्यंत त्यांचा हात सोडू नकोस.

तुझी,
ताई