आरतीला बसायचं नसतं

मंगळ., ४ नोव्हेंबर
दवाखान्यात गायचा आजचा तिसरा मंगळवार. वरच्या मजल्यावरचा हाडांचा वॉर्ड. मी पेटीवर, भजनी मंडळातला वसंता ढोलकीवर, बायको कुसुम टाळ घेऊन. आज मनाशी ठरवलं होतं, पेशंट लोकांना शांत यमन ऐकवायचा. दोन आलाप होतात न होतात तोच खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, "भाऊ, कोनी मेलं काय?"
अख्खा वॉर्ड हसला. वसंता तर ढोलकीवर डोकं टेकून हसत होता, मेला. उभी हयात एसटीत तिकिटं फाडली, पण एवढा अपमान कुण्या पॅसेंजरनं केला नाही.
आजींचं नाव गिरजाबाई. आसेगावच्या. न्हाणीत घसरून खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालंय, टाके सुकलेत, पण पाय खाली टेकवायलाच तयार नाहीत.

शुक्र., ७ नोव्हेंबर
व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टर मॅडम आज वॉकर घेऊन आल्या. पोरगी गोड बोलते. गिरजाबाईंचं एकच, "पुन्ना मोडलं त मंग?"
त्यांचा मुलगा संजय पुण्याहून आलाय. म्हणाला, महिनाअखेर चालली नाही तर पुण्याला नेतो, गावात एकटीला कोण पाहील? त्याचंही खोटं नाही. पण म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पुण्याले तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी कोनाशी बोलू? टीवीशी?"
मग कुसुमनं तिच्याजवळ बसून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मी पेटी उघडलीच नाही.

मंगळ., ११ नोव्हेंबर
आज मोठा घोटाळा.
दवाखान्यात दर वेळी शेवट मी भैरवीनं करतो. आज वसंतानं हात सैल सोडला आणि आपसूक आरतीचा ठेका धरला. कुसुमचे टाळ मागोमाग. माझीही बोटं तिकडेच गेली. भजनी मंडळाचं रक्त, आरतीशिवाय उठायची सवयच नाही. कुणाच्याच डोक्यात आलं नाही की आरती लागली की माणूस उठतो!
सगळा वॉर्ड उठायला लागला. प्लास्टरवाले, सलाईनवाले. अनसिंग गावचा एक गडी, पायाला वजन टांगलेलं, तोही कोपरावर. शालूसिस्टर धावत आल्या, "बसा! बसा सगळे!" कोण बसतंय? आणि गंमत म्हणजे त्याही दारातच चपला काढून हात जोडून उभ्या राहिल्या. रागावल्या त्या आरती संपल्यावर.
पण खिडकीजवळ गिरजाबाई उभ्या होत्या! पलंगाची दांडी धरून, डोळे मिटून. आरती संपली, खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं, "अवं माय!" म्हणाल्या आणि धपकन बसल्या.
सिस्टरांनी आरती बंद केली. कुणी पडलं असतं तर? बरोबर आहे त्यांचं. पण आनंद इतका झालाय की जेवण गेलं नाही.

शुक्र., १४ नोव्हेंबर
डॉक्टर मॅडमच मला शोधत जिन्यात आल्या. "काका, आरती म्हणा. मी आजींना धरते." सिस्टर कबूल, पण बाकीच्यांनी पडल्या पडल्या हात जोडायचे. अनसिंगचा गडी म्हणाला, "आमचं मन उठते सिस्टर, त्याले कसं बांधसान?"
गिरजाबाई काय कमी आहेत? "मले समजत नाही काय? फसवून राह्यले तुमी मले!" असं म्हणाल्या खऱ्या, पण आरती लागताच उभ्या. "बसून आयकली त देव काय म्हनन?"
आम्ही मग थांबलोच नाही. गणपती, देवी, शंकर, मारुती, एकामागून एक. कुसुमचा आवाज बसला. गिरजाबाई उभ्या राहिल्या, पण पाऊल मात्र उचललं नाही. जागच्या जागी खांब.

मंगळ., १८ नोव्हेंबर
कुसुम हुशार. सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, आरतीनंतर आपण स्वतःभोवती प्रदक्षिणा नाही का घालत?"
मंडळाचा म्होरक्या मी, आणि हे सुचलं तिला. असो.
घातली! मॅडमचा हात धरून गिरजाबाईंनी अख्खी प्रदक्षिणा घातली. एवढी एवढी पावलं, पण पावलंच ती. मला रडू आलं. पेटीवर भलताच सूर दाबला गेला. वसंता चहा पिताना तेवढंच चघळत होता.

शुक्र., २१ नोव्हेंबर
संजयला सांगितलं तर म्हणाला, "काका, तुमी आसेगावले रोज येसान काय आरती म्हनाले?"
त्यानं मोबाइलवर आरती लावून पाहिली. म्हातारी खुशाल बसून. "डब्यातल्या आरतीले कोन उठते? तिथं मानूस कुठी हाये?"
मला आतून बरं वाटलं, ते खोटं कशाला बोलू. पण तिचं काम अडलं की. मंगळवारी तो पुण्याची तिकिटं काढणार आहे.

मंगळ., २५ नोव्हेंबर
आज आम्ही सुरू करायच्या आत गिरजाबाई म्हणाल्या, "थांबा. आज मी म्हनतो."
आणि म्हणायला लागल्या. आता स्वतः म्हणतेय म्हटल्यावर बसून कशी म्हणेल? उठल्या, कुणी न सांगता. सूर असा, की काळी एक आणि पांढरी दोनच्या मधला. पेटीवर सापडेना. सोडून दिला नाद, टाळ्या वाजवल्या.
आरती झाली. वॉर्डात ज्योत लावता येत नाही, म्हणून कुसुमनं ताटात नुसती झेंडूची फुलं ठेवली होती. मी ताट फिरवायला उचललं, तर गिरजाबाईंनी हात पुढे केला. "आना इकडं. म्हनली मी, त फिरवनार बी मीच. ह्या लोकायले उठता थोडं येते?"
एका हातात ताट, दुसरा मॅडमच्या खांद्यावर. पहिला पलंग. दुसरा. अनसिंगच्या गड्याचा. मधे दम खायला थांबल्या. सिस्टर, आम्ही, कुणी हललं नाही. दारापाशी संजय उभा होता. शेवटी त्याच्यासमोर ताट धरलं. "घे बाबू."
ताटात ज्योत नव्हती. तरी त्यानं दोन्ही हात ताटावर धरले आणि तोंडावरून फिरवले. बराच वेळ हात खाली घेतले नाहीत.
तिकिटांचं विचारलं नाही मी. गिरजाबाई मात्र त्याला विचारत होत्या, आसेगावची आपली तूर फुलावर आली का रे?