तुमच्या नावावर एक शिवी

दादा, तुमची नात घरी आली आहे आणि आज दुपारी पोटभर जेवली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, पण ती देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोली आहे. होय, फुटबॉलच, आणि होय, मुलींचा. गेल्या पंधरवड्यात परदेशात त्यांचा सामना होता. बरोबरी राखली असती तरी संघ पुढच्या फेरीत गेला असता. सामना संपत आलेला, डावीकडून एक उंच चेंडू आला, तो धरायला ही जागा सोडून पुढं धावली आणि मध्येच थबकली. चेंडू डोक्यावरून गेला आणि समोरच्या पोरीनं तो रिकाम्या जाळीत डोक्यानं ढकलला. मी लातूरच्या घरात टीव्हीपुढं बसले होते. भात करपल्याचा वास आला तरी उठले नाही.

त्यानंतर जे झालं ते तुमच्या काळात झालं नसतं, असं म्हणणार होते, पण तसं म्हणता येत नाही. आपल्या देशाला मुलींचा फुटबॉल संघ आहे हे परवापर्यंत ज्यांना माहीतही नव्हतं, ते सगळे एका रात्रीत या खेळाचे जाणकार झाले. वाहिन्यांवर तिच्याभोवती लाल गोल काढून तो चेंडू पुन्हा पुन्हा जाळीत जात होता. फोनवर लोकांनी जे लिहिलं त्यातलं सांगण्याजोगं एवढंच, की घरी जाऊन भाकऱ्या थाप. एकानं तर ती मुद्दाम हरली असंही ठरवून टाकलं. अकरा जणी खेळल्या, पण खापर फोडायला डोकं एकच सापडलं. एक पोरगेला वार्ताहर माईक घेऊन आपल्या फाटकाशी आला आणि मला म्हणाला, आई म्हणून काय वाटतं? मी शाळेत तीस वर्षं काढलेली बाई, त्याला म्हटलं, तुझ्या आईला विचारून ये, तोवर मी भांडी घासते. तेसुद्धा त्यांनी संध्याकाळी दाखवलं.

हे सगळं वाचताना, ऐकताना मला सारखे तुम्हीच आठवत होतात. खरं सांगते, रागच आला तुमचा. लातूर जिल्हा नवा झाला आणि तुमची नांदेडहून इकडं बदली झाली, ते वर्ष आठवलं. नांदेडच्या मैदानावर संध्याकाळी बसणारा तुमचा कंपू मागं राहिलेला. लातुरात फुटबॉलचं नाव काढलं तर माणसं व्हॉलीबॉलबद्दल बोलू लागत. मग तुमच्या हाती उरला तो एक रेडिओ. आपण भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय, बाहेर दुष्काळ, चुलीपुढं आई आणि रेडिओला कान लावून बसलेले तुम्ही. एरवी तुमचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही. पण देशाचा संघ हरू लागला की तुमच्यातला निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेला पोरगा जागा व्हायचा. "अरे नामाकूल, पास दे की! चेंडू काय बापजाद्याची इस्टेट हाय, दुसऱ्याला द्यायला जीव जायलाय तुझा?" आणि सामना संपला की, "निकम्मे समदे. ह्यांला रोजगार हमीवर खडी फोडाय धाडा, पायांत जोर तरी येईल." आई म्हणायची, तुमचा आवाज काय त्यांला ऐकू जाणार हाय? तुम्ही म्हणायचात, जाऊ दे न जाऊ दे, मला बरं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी पेपर यायचा. दारुण पराभव, लाजिरवाणी शरणागती, जबाबदार कोण, असलं सगळं तुम्ही चवीनं मोठ्यानं वाचायचात. त्याच पेपरात आतल्या पानावर टँकर न पोचलेल्या गावांच्या बातम्या असत आणि तिथंही जबाबदार कोण असंच विचारलेलं असे. ते पान तुम्ही मनात वाचून घडी घालायचात. कारण नव्या जिल्हा कचेरीत, जिथं अजून पुरत्या खुर्च्याही आल्या नव्हत्या, गावोगावी टँकर धाडायच्या टेबलावर तुम्हीच बसत होतात.

मी डबा घेऊन आले होते तो दिवस मला लख्ख आठवतो. जळकोटकडच्या कुठल्याशा गावाहून पाच-सात बाया आल्या आहेत. त्यातल्या एकीनं रिकामी घागर तुमच्या कागदांवर आदळली आणि म्हणाली, "ही ठिवा हितंच. टँकर आला की भरून धाडा." मग तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तुम्ही घागरीखालून एकेक कागद हळूच काढून घेताय. मला ते सहन झालं नाही. "माझ्या दादांला का बोलायलाव? टँकर काय त्यांच्या खिशात हाय?" असं मी ओरडले आणि तुम्ही कधी नव्हे ते माझ्यावर डोळे वटारलेत. "गप. त्यांच्या घरात पाणी न्हाई म्हणून त्या बोलायल्यात. तुला काय कमी हाय? जा, माठातलं पाणी आणून दे त्यांला." मी पाणी आणून दिलं. ज्या बाईनं शिव्या दिल्या तिलाच पहिला तांब्या द्यायला लावलात.

पुढं आयुष्यभर कुणी तोंड सोडलं की मी तुमचं हे वाक्य काढत आले. शाळेत पालक भांडायला येत, तेव्हा फार उपयोगी पडलं. या वेळी मात्र ते बसेना. त्या बायांची तहान खरी होती, दादा. फोनवर माझ्या पोरीला शिव्या देणाऱ्यांचं काय अडलं होतं? कुणाच्या घरची चूल विझली नव्हती, कुणाची घागर रिकामी नव्हती. नुसतं तोंडसुख. मग वाटलं, तुमचं तरी त्या रेडिओपुढं काय अडलं होतं? दिवसभर ऐकून घेतलेलं कुठंतरी ओकायला जागा हवी होती, एवढंच ना? म्हणजे या लोकांनाही कुणीतरी दिवसभर बोलत असेल. समजू शकते. पण माफ करायचा माझा काही विचार नाही.

आणि ती? ती आली आणि आल्या आल्या हातमोजे माळ्यावर टाकून दिले. फोन बंद. ताट समोर ठेवलं की दोन घास खायची आणि बाजूला सरकवायची. गल्लीतल्या बाया येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत, खेळात हारजीत चालायचीच म्हणत. त्या गेल्या की ही म्हणे, "आई, ह्याच्यापेक्षा शिव्या परवडल्या." त्या गोलबद्दल मात्र अवाक्षर नाही. संघाच्या पुढच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं, त्याला तिनं उत्तरच दिलं नाही. मला भीती हरण्याची नव्हती. लेक बोलायचीच बंद झाली आणि आता ही पुन्हा कधी जाळीपुढं उभी राहायची नाही, याची होती. मीही तेच करत होते जे गल्ली करत होती. उगी, उगी, तुझी काही चूक नाही.

आज सकाळी मी धपाटी थापत होते आणि ती कट्ट्याला टेकून उभी होती. काय बोलावं सुचेना म्हणून मी तुमचा विषय काढला. तो रेडिओ, ते नामाकूल, ती खडी फोडायची शिक्षा, सगळं तुमच्या आवाजात करून दाखवलं. ती हसली, दादा. किती दिवसांनी. मग म्हणाली, "आजोबा मला काय म्हणले असते?" मी हातातलं पीठ तसंच ठेवून कमरेवर हात घेतले आणि म्हटलं, "अगे निकम्मे, घर सताड उघडं टाकून कुठं उंडारायला गेली होतीस? कुत्रं शिरलं की घरात!"

ती इतकी हसली की खालीच बसली. डोळे पुसले आणि म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. पण बाहेर आले ते चुकलं न्हाई. अर्ध्यात थांबले ते चुकलं. यायचं तर पुरतं यायचं होतं." मग मिठाची बरणी म्हणजे ती, तिखटाचा डबा म्हणजे ती दुसरी पोरगी, असं करत तिनं मला तो गोल फरशीवर मांडून दाखवला. एकीकडे बोलत होती, दुसरीकडे दह्याशी धपाटी संपवत होती. दुपारी पुन्हा जेवली, मग स्वतःहून त्यांच्या प्रशिक्षक बाईंना फोन लावला आणि त्यांच्याशी तासभर तेच बोलत बसली. शिबिराला जाते म्हणाली. आता माळ्यावर चढून हातमोजे शोधते आहे, वरून धूळ खाली पाडते आहे, आणि मी इथं तुम्हाला लिहीत बसले आहे.

हे पत्र काही टपालात टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ती शिवी तुमची नव्हती. पुढं खेळणाऱ्यांना तुम्ही सोडलं नाहीत, पण गोल खाल्लेल्या गोलीला एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. गोल झाला की तुम्ही रेडिओचा आवाज बारीक करायचात. ती शिवी माझी होती. चेंडू जाळीत गेला त्या क्षणी टीव्हीपुढं माझ्या मनात आली आणि तेव्हापासून बाहेर पडायची राहिली होती. इतका राग मला माझ्याच पोरीचा आला होता. आईच्या तोंडून ती निघेना, म्हणून तुमचं नाव लावलं. तिला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला तुम्ही आवडायला लागला आहात.