दोन तासांची खोली

महिला बराक, जिल्हा कारागृह
१३ मार्च २०२३

सरदारजी,

सत श्री अकाल. मी बरी आहे. बीजींचा गुडघा कसा आहे? सुनेला त्यांच्या पिन्न्यांचे लाडू मिळाले म्हणून सांगा. गहू आता भरला असेल. यंदा पाण्याची पाळी तरी भांडणाशिवाय मिळते का?

त्या पाळीपायी तुमचा चुलतभाऊ गेला. तो तुमच्या छातीवर बसून गळा आवळत होता आणि फावडं माझ्या हातात होतं. सहा वर्षं झाली, त्याबद्दल मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आजही मागत नाही.

मंगळवारचं सांगते.

कैद्यांना नवरा-बायको म्हणून एकांतात भेटायला दिलेली ती खोली मिळवायला मला पाच महिने लागले. पुरुषांचे अर्ज पटापट मंजूर होत होते. माझा बघून कारकून म्हणाला, "बीबी, हे कैद्यांच्या बायकांसाठी आहे."

"मी कैदी आहे, मला नवरा आहे. कुठल्या नियमात बसत नाही ते लिहून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. मग मी दर सोमवारी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. शेवटी तोच कंटाळला. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "मूल हवंय ना?"

"झालं तर होईल," मी म्हटलं. "मला नवरा हवाय."

त्यांनी खाली बघत सही केली.

वेळ अकरा ते एक. पलंग, नवी चादर, पंखा, लागूनच न्हाणीघर. मी अकराला आत जाऊन बसले. बारा वाजता वॉर्डन गुरनाम बीबी आली. "चल बेटा, येत नाही तो आता."

"दोन तास माझ्या नावावर आहेत. एक वाजता निघेन."

"एकटी काय करशील?"

"ते अर्जात विचारलेलं नाही."

ती हसली आणि गेली. मी आतून कडी लावली. सहा वर्षांत पहिल्यांदा दार मी बंद केलं. गरम पाण्याने केस धुतले. मग पलंगाच्या एका कडेला आडवी झाले, तुमची बाजू सोडून. रडले नाही, असं लिहिणार होते. रडले.

बराकीत मी सगळ्यांना सांगितलं, शेताच्या कामात अडकले असतील. पण पिन्न्यांचं पुडकं आणून देणारा शिपाई साधा माणूस आहे, सगळं बोलून गेला. तुम्ही साडेदहालाच गेटवर होतात. नवी फिरोजी पगडी बांधून. नोंदवहीत नाव लिहिताना कुणीतरी म्हणालं, "काय सरदारजी, बायकोने बोलावलं?" बाकीचे हसले. तुम्ही पुडकं ठेवलंत आणि माघारी वळलात.

चार माणसं हसली, एवढंच. कोर्टाच्या आवारात अख्खं गाव मला शिव्या घालत होतं, तेव्हा मी तुमच्याकडे बघत ताठ उभी होते.

आज मी पुन्हा अर्ज दिला. पुढची पाळी तीन महिन्यांनी, शुक्रवार, नऊ जून, अकरा वाजता. तुमच्या बहेनजी सोडचिठ्ठीचे कागद करतायत, हे माझ्या कानावर आलंय. माझी सही हवी असेल तर ते कागद तुम्हीच त्या खोलीत घेऊन या आणि माझ्यासमोर बसून वाचून दाखवा. पोस्टाने आले तर परत पाठवीन.

आणि कागदांशिवाय येणार असाल, तर गेटवर कुणी विचारलं, बायकोने बोलावलं का, तर हो म्हणा. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा.

तुम्हाला बोलावणारी,
सुखवंत कौर