शेवटी टाकायचं वाक्य

४ नोव्हेंबर
ही मागच्या वर्षीची डायरी, वार खोडून वापरतोय. यंदाची काल झडतीत गेली. सोबत फोन, लॅपटॉप आणि बायकोचं शाळेचं हजेरीपुस्तक. पोरांची हजेरी कशाला, असं नलूने विचारलं तर साहेब म्हणाले, मॅडम, बाद में मिल जाएगा. चार तास घर उलथंपालथं केलं. बाबांना अंथरुणासकट उचलून गादीखाली पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पंचनाम्यांवर हरकती घेतल्या, स्वतःच्या घरच्यावर गपचूप सही केली. लाज वाटते.

६ नोव्हें.
कोर्टात गेलो. बाररूममध्ये माझ्या बाकावर कोणी बसेना. मुन्शी हिवराज म्हणतो, लोक भेऊन राहिले साहेब, मनाला लावून घेऊ नका. अजून आरोपी नाही मी, फक्त 'चौकशीत नाव'. २४ ला नागपूरला हजर व्हायचंय. अशाच चौकशीला गेलेले दोघे अजून आत आहेत. दोघांचाही वकील मीच.

९ नोव्हें.
सुकवारोबाई आली, देवरीपलीकडून, पहिल्या बसने. तिचा पोरगा रामसू मोहफुलं वेचायला गेला, तिसऱ्या दिवशी 'चकमकीत मेला' म्हणून पोलिसांनी प्रेत हातात दिलं. सात वर्षं झाली केस चालू आहे. आता कुठे २६ ला तिची साक्ष लागली. उकडलेले शिंगाडे आणले होते. काय बोलायचं ते दोनदा घोकून घेतलं तिच्याकडून. जाताना म्हणाली, "मले तुमी समोर दिसान ना, वकीलसायेब?"
दिसेन म्हणालो. सवयीने.

१२ नोव्हें.
हिवराजच्या फोनवर परदेशातल्या वकीलबाईंशी बोललो. व्याख्यानाच्या निमंत्रणावर व्हिसा मिळालाय. पासपोर्ट झडतीच्या दिवशी नागपूरला साळ्याकडे होता म्हणून वाचला. २२ चं विमान. उतरल्यावर आश्रय मागायचा. त्यांना निवेदन हवंय, मराठीत चालेल, ते भाषांतर करून घेतील. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट हवी: माझ्या देशातलं कोर्ट मला वाचवू शकत नाही. त्याशिवाय अर्ज टिकणार नाही म्हणाल्या.
नलू येणार नाही. बाबांना कोण बघेल? ती भांडी घासता घासता म्हणाली, "इथं राहून का करान? जेलात डबा आणू तुमाले?" नको जाऊ म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. गेलो नसतो का, ते माहीत नाही.

१५ नोव्हें.
सु.बाईचं वकीलपत्र कोणी घेईना. तिघांना विचारलं. एक म्हणाला, घरी लहान लेकरं आहेत. दुसऱ्याने फाईल वाचायला ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत पाठवली. दोरीची गाठ माझीच होती, सुटलेलीच नव्हती. तिसरा माझाच जुना ज्युनिअर, फोन उचलत नाही. फार राग आला. पण त्यांच्या जागी मी असतो तर...

१७ नोव्हें.
निवेदन. चार पानं सरसर झाली. शेवटच्या वाक्यावर अडलो. सात वर्षं त्या बाईला सांगत आलो की कोर्टात खरं निघतं. माझ्या शब्दावर ती दर तारखेला बस धरते. आणि आता शपथेवर लिहायचं की निघत नाही. म्हणजे एक तर तिच्याशी खोटं बोललो, नाही तर यांच्याशी बोलतोय. नलू म्हणते, लिहा आणि मोकळे व्हा.
लिहिलं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही, त्याचंच वाईट वाटतंय.

१९ नोव्हें.
बाजारात टाईप करायला देणं बरं नव्हतं. हिवराजने घरी, पोरीच्या कॉम्प्युटरवर केलं. नीट केलंय. फक्त माझ्या शेवटच्या वाक्याखाली त्याने आणखी एक ओळ टाकलीय: 'अर्जदाराचा माननीय न्यायालयावर पूर्ण विश्वास आहे.'
वीस वर्षं प्रत्येक अर्जाच्या शेवटी हेच टाकायला लावलं त्याला. विसरला की ओरडायचो. आधी हसू आलं, मग हसता हसता रडलो, त्याच्यासमोरच.
"हे काऊन टाकलं, हिवराज?"
"हात आपोआप गेला, साहेब. तुमीच लावली सवय. मिटवू का?"
उद्या बघू म्हणालो.

२० नोव्हें.
सु.बाईला निरोप धाडून बोलावलं. मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. परदेशी जातोय, २६ ला नसेन, दुसरा वकील मिळाला नाही, एवढं सांगितलं. पदराचं टोक पिळत तिने विचारलं,
"तुमाले बी मारतीन का?"
माहीत नाही म्हणालो.
"मंग जा." उठली. पिशवीतले शिंगाडे टेबलावर काढून ठेवले. दारात थांबली. "२६ ले मी जाईन. वकील नसला तरी. कोर्टात खरं निघते, तुमीच सांगतले ना."
हो म्हणालो.

२१ नोव्हें.
दुपारची गाडी. नलूने बॅग भरलीय, वर बाबांचा स्वेटर. बाबांच्या पाया पडलो तर विचारतात, तारीख कुठली आहे आज? नागपूरची, म्हणालो.
निवेदन समोर आहे. अजून सही नाही. दोन वाक्यं एकाखाली एक, दोन्ही माझीच. बॅगेत सु.बाईची फाईलही टाकली होती, मग काढून परत कपाटात ठेवली. कोणासाठी, कोण जाणे.
फुलचूरच्या नाक्यावर ऑटो थांबवून हिवराज मला घ्यायला आलाय. चप्पल न काढता दारातच उभा आहे. तिसऱ्यांदा विचारतोय, साहेब, कोणती ओळ मिटवू.