वाचून दाखवण्याचे पैसे

आई,

आज सकाळपासून आम्ही आमच्या वाचनसेवेचे पैसे घ्यायला लागलो. तू गेल्यानंतरची ही गोष्ट, त्यामुळे तुला पहिल्यापासून सांगायला हवी. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा गाळा भाड्याने घेऊन मी आणि कॉलेजातला एक मित्र काम करतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी मोबाईलवर कुठल्याही मराठी पानाचा फोटो काढायचा, की आमची सेवा ते पान मोठ्याने वाचून दाखवते. पुस्तक, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, काहीही. दोन वर्षं हे सगळं फुकट होतं. वर 'चाचणी सुरू आहे' अशी ओळ टाकून ठेवली होती आणि तिच्या आडोशाला आम्ही निवांत बसलो होतो. मित्रापेक्षा मीच जास्त. तो अधूनमधून म्हणायचा, "अगं, किती दिवस चाचणी? माझी बचत संपत आली, यार." मी म्हणायचे, "अजून जोडाक्षरांना अडखळतं रे. अशा मालाचे पैसे कुठल्या तोंडाने मागायचे?" तो विचारायचा, "कोणी तक्रार केलीय का?" कोणीच केली नव्हती. येत होते ते आभार. देव तुमचं भलं करो, तुमच्यामुळे मी वर्तमानपत्र ऐकतो, असं लोक लिहायचे. मी वाचायचे आणि पुढचं काम उघडायचे. आत काही हलायचं नाही. तू गेल्यापासून बऱ्याच गोष्टींचं असंच होतं, कळतात सगळ्या, पण पोचत नाहीत.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सेवा बंद पडली आणि आम्हाला ते सोमवारी ऑफिसात आल्यावर कळलं. शनिवार-रविवारात एकाही माणसाने ना फोन केला, ना दोन ओळी लिहिल्या. मला ते विचित्र वाटलं. बोरिवलीच्या एक शिक्षिका रोज आमची सेवा वापरतात. त्यांना अजिबात दिसत नाही, शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना मीच फोन लावला. म्हटलं, "मॅडम, दोन दिवस बंद होतं. तुम्ही कळवलं कसं नाही?" त्या जराशा हसल्या. "काय कळवणार? फुकट देता ना तुम्ही. मला वाटलं, बंद केलंत. शेजारच्या मुलीला बसवून धडा वाचून घेतला." मी विचारलं, "आणि एरवी? एरवी नीट वाचतं ना?" त्या म्हणाल्या, "सनावळ्या चुकतात. मी वर्गात एकदा चुकीचं साल सांगून बसले. पण जाऊ दे हो, तुम्ही एवढं करता तेच खूप आहे."

फोन ठेवला आणि मला नाहूरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी ओट्यापाशी खाली बसून गृहपाठ करतेय. तू ऑफिसातून येऊन कुकर लावलायस आणि स्टुलावर बसून कायद्याचं पुस्तक वाचतेयस. समोर कुर्ल्याहून येणारा तो अंध विद्यार्थी, मांडीवर टेपरेकॉर्डर. शिट्टी व्हायला आली की तू म्हणतेस, "थांब रे, बंद कर जरा." तो चाचपून बटण दाबतो. असं तू त्याला पदवीपर्यंत वाचून दाखवलंस. त्याला बँकेत नोकरी लागली तेव्हा तो पेढे आणि एक पाकीट घेऊन आला. पेढे तू घेतलेस, पाकीट परत त्याच्या खिशात घातलंस. "वेडा आहेस का? मुलासारखा तू मला, पैसे कसले देतोस?"

तेव्हा तो जे बोलला ते मी दारात उभी राहून ऐकलं. "काकू, मुलगा असतो तर पहिल्याच दिवशी म्हणालो असतो, आई, किती भरभर वाचतेस. तुम्ही तळटीपा गाळायच्या, ते मला कळायचं. मित्राकडून परत वाचून घ्यायचो. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही उपकार करत होता." तो हे रागाने नाही बोलला. चहा पिऊन गेला. परत आला नाही.

तू कितीतरी दिवस पुस्तकाला हात लावला नाहीस. मग मुलुंडहून एक मुलगी यायला लागली आणि तिला तू आल्याआल्या महिन्याची फी सांगितलीस. अगदी थोडी, पण सांगितलीस. समोरच्या काकू दारातून म्हणाल्या, "अहो, आंधळ्या पोरीकडून पैसे घेता?" तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घेते. ती मला 'परत वाचा' म्हणते." खरंच म्हणायची. एका परिच्छेदाला तीन-तीनदा थांबवायची तुला, आणि तू कपाळाला आठ्या घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचीस.

त्या सोमवारी संध्याकाळी मी मित्राला म्हटलं, पुढच्या महिन्यापासून पैसे लावू, सगळ्यांना आजच कळवू. त्याने विचारलं, "जोडाक्षरांचं काय?" मी म्हटलं, "पैसे घेतल्यावरच सुधारतील." आम्ही कळवलं. बरेच जण सेवा सोडून गेले. एकाने लिहिलं, आंधळ्यांच्या जिवावर धंदा करता, लाज वाटत नाही? मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. तुझ्यासारखं एका वाक्यात मला येत नाही.

आज दुपारपर्यंत पैसे भरणारे मोजकेच होते. त्यात बोरिवलीच्या बाई होत्या आणि पैसे भरून पाच मिनिटं होत नाहीत तो त्यांचा निरोप आला. आभार नाहीत, नमस्कार नाही. "सनावळ्या अजून चुकतात. उद्या पहिला तास आहे माझा. आज दुरुस्त करा." मित्र म्हणाला, "झकास! पहिली शिवी आली." आम्ही जेवण बाजूला ठेवून तेच करत बसलो आणि सहाच्या सुमाराला ते जमलं. मी त्यांना कळवलं. त्यांनी "बरं" एवढंच लिहिलं. मला आनंद झाला असं वाटलं असेल तुला. तसं काही झालं नाही. हात धुतले आणि गार झालेला डबा खाल्ला.

निघताना मित्राने विचारलं, "दोन वर्षं अडून बसलीस, मग त्या सोमवारी एकदम कसं काय ठरवलंस गं?" मी म्हटलं, खर्च बघितला. त्याला ते पटलं. हे पत्र काही कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. तुझ्यामुळे ठरवलं असं सांगितलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, आई कशी होती तुझी? इतकी वर्षं एका टेबलाशी बसतो आम्ही, पण तू गेलीस हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.