विषम तारखांची झोप

३ जानेवारी
पीएच.डी.ला अर्ज करायचा पक्का निर्णय घेतला. गेली दोन वर्षं नुसते अर्ज केले होते, निर्णय असा पक्का नव्हता. मुदत १० फेब्रुवारी. पाण्याच्या टाक्यांत वाढणाऱ्या जंतूंवर दोन पानी प्रस्ताव लिहायचा. दोन पानं म्हणजे एक रविवार.

बायकोशी करार झाला. एम.एस्सी.ला आम्ही एकाच वर्गात होतो. तिचा नंबर माझ्या वर असायचा, पण तेव्हा पेपर सोपे निघत. तिचा पीएच.डी.चा अर्ज थोरलीच्या जन्माच्या वेळी राहून गेला, त्याला पाच वर्षं झाली. ती म्हणाली, “यंदा तू कर. नाही जमलं तर जूनच्या फेरीत मी, आणि मग घर तू बघायचं.” मी लगेच हो म्हटलं. तशी वेळ येणारच नाही.

४ जानेवारी, रविवार
प्रस्तावाचं शीर्षक लिहिलं. फाँट निवडला. धाकटा आठ महिन्यांचा आहे, त्याने लॅपटॉपवर दूध काढलं. उरलेला रविवार कीबोर्ड पुसण्यात.

६ जानेवारी
घरात शिस्त नसेल तर संशोधन होणार कसं? पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं रजिस्टर ठेवतोय. तसाच तक्ता फ्रिजवर लावला. विषम तारखेच्या रात्री धाकट्याकडे मी बघायचं, सम तारखेला हिने. किती वाजता उठला, किती वेळाने झोपला, ते लिहायचं आणि पुढे सही करायची. ही म्हणाली, तू उठशील? अशा अविश्वासाने माणसाचा उत्साह जातो.

१५ जानेवारी
शिफारसपत्रासाठी जुन्या सरांकडे गेलो. सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. तीन पानं लिहिली. ‘दूरदृष्टी’ चार वेळा आलं, पण त्याला इलाज नव्हता. सरांनी वाचून दोनच वाक्यं ठेवली. हा माझा विद्यार्थी होता. याची वर्तणूक चांगली होती. सरांचं वय झालं आहे.

२२ जानेवारी
चहा घेता घेता फ्रिजवरच्या तक्त्याकडे नजर गेली आणि अंगावर काटा आला. सम तारखांना धाकटा तीन-तीन, चार-चार वेळा उठतो. विषम तारखांना एकदाही नाही. विषम तारखांचे आकडे मी स्वतः रोज सकाळी दात घासताना भरतो, त्यामुळे चुकीला जागा नाही. म्हणजे बाप जवळ असला की बाळ गाढ झोपतं. हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

जंतूंवर कोणीही लिहील. विषय बदलला. हिला सांगितलेलं नाही, निवड झाल्यावर एकदम सांगेन. ही हल्ली फार थकलेली दिसते. व्यायाम करत नाही.

१ फेब्रुवारी
काल ३१, आज १. लागोपाठ दोन रात्री माझ्याच वाट्याला. कुरकुर केली नाही.

सासूबाई चार दिवस राहायला आल्या आहेत. सकाळी म्हणाल्या, पोर रात्रभर रडत होतं, दातांचं काही बघितलंत का? मी त्यांना फ्रिजपाशी नेऊन तक्ता दाखवला. त्यांनी तक्ता वाचला, मग लेकीकडे बघितलं आणि भांडी घासायला गेल्या. आकड्यांपुढे माणूस गप्प होतो.

९ फेब्रुवारी
अर्ज गेला. मुदतीच्या चक्क एक दिवस आधी. त्या गडबडीत थोरलीला शाळेतून आणायचं राहिलं. तिच्या बाई तिला घेऊन गेटपाशी उभ्या होत्या. वाटेत तिला सांगितलं की बाबा आता शास्त्रज्ञ होणार. तिने विचारलं, मग तरी वेळेवर येशील का?

२ मार्च
मुलाखतीचं पत्र आलं. या आधी दोनदा पत्रच आलं नव्हतं. लॅबच्या साहेबांकडे दोन दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, रजिस्टर पूर्ण करून जा. पुढच्या दोन दिवसांचंही भरून टाकलं. पाणी काही एवढ्यात बदलत नाही.

५ मार्च
मुलाखत झाली. समोर तिघं. दोघे चहा घेत होते. मधल्या बाईंनी माझा तक्ता बारकाईने वाचला होता, पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. बरं वाटलं. विषम तारखांच्या नोंदी कधी घेतल्यात, असं त्यांनी विचारलं. सांगितलं, सकाळी.

“मग रात्री बाळ उठलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला जाग आली नाही, त्यावरून.”

दोघांनीही कप खाली ठेवले. बाईंनी विचारलं, सम तारखांच्या नोंदी कोणी घेतल्या? म्हटलं, बायकोने. फार चांगल्या आहेत, असं म्हणाल्या. मी आभार मानले.

६ मार्च
विद्यापीठाने नाही म्हणून कळवलं.

हिला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “विषम तारखांनाही मीच उठत होते. पहिल्या रात्री तुला हलवून उठवलं, तर म्हणालास, लिहून ठेव.” आणि पुन्हा घड्या घालायला लागली. चिडली असती तर परवडलं असतं. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. मोज्यांच्या जोड्या मी लावल्या. त्या तिने नंतर परत लावल्या.

२० जून
हिची निवड झाली. अर्ज एका दुपारी भरला होता, धाकटा झोपला होता तेवढ्यात. मुलाखतीला त्याच बाई होत्या. प्रश्न सोपे विचारले असणार.

करारानुसार हिच्या अर्जापासून सगळ्या रात्री माझ्याकडे. धाकटा एकाएकी फार उठायला लागला आहे. हिने अर्ज भरल्यापासूनच हे सुरू झालं, म्हणजे संबंध उघड आहे. तसं तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही, वहीत लिहून घेतलं.

४ ऑगस्ट
हिचं काम सुरू झालं. विषय असा: बाळाच्या झोपेबद्दल आईवडील जे सांगतात आणि घरात जे घडतं, त्यातला फरक. बाईंना विषय फार आवडला म्हणे.

संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर एक संमतीपत्र ठेवलं. वाचून सही कर, म्हणाली. यातून कधीही बाहेर पडायची मुभा आहे असं त्यात छापलं होतं. ती मुभा फक्त संशोधनापुरती आहे, हेही तिने सांगितलं.

सही केली. विद्यापीठाच्या कागदावर आपण असावं, ही किती वर्षांची इच्छा. नावाला कुठे जागा नव्हती. वरच्या कोपऱ्यात तिने आधीच लिहून ठेवलं होतं, सहभागी क्रमांक एक.