पहिल्या दिवसाचं माप

चिंचवड,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस आणि मी दिघीला आले की भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतोस. म्हणून हे पत्र बंद करून वहिनीच्या हाती देते आहे. सोंग तुला लहानपणीही जमायचं नाही, पापण्या हलतात तुझ्या.

इकडे सगळे बरे. सिद्धेशला ताथवड्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मामाला पेढे द्यायचे म्हणतो, पण तुझ्यासमोर यायला घाबरतो.

माझं तेच चाललंय. जखमा आणि शौचासाठी पोटावर लावतात त्या पिशव्यांची काळजी घेण्याच्या नव्या पद्धती नर्सना शिकवायचं काम हॉस्पिटलने माझ्या गळ्यात मारलंय. पोरींचा जरा हात बसला की त्या हिंजवडीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात निघून जातात. पुन्हा नव्या पोरी, पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगू, वीट आलाय मला.

आमच्या वॉर्डाला एक जुनी खोड आहे. पिशवीची चकती कातडीला चिकटवायच्या आधी तिला भोक कापावं लागतं. ऑपरेशननंतर लगेच पुठ्ठ्यावर माप काढतात आणि वेळ वाचावा म्हणून त्याच मापाने सगळ्या चकत्या कापून ठेवतात. घरी जाताना पेशंटच्या हातात तोच पुठ्ठा. पण पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड सुरुवातीला सुजलेलं असतं, नंतर ते आकसतं. भोक मोठं राहिलं की भोवतीची कातडी सोलते आणि पिशवी गळते. आज हे सांगत होते, तर मोनिका नावाची नवी पोरगी म्हणाली, "मॅडम, मग घरी गेलेल्यांचं माप कोण घेतं?"

कोणी घेत नाही, दादा. वहिनी अजून त्याच पुठ्ठ्याने कापते. तिचा हात वाईट नाही आणि तुझं शरीरही नासलेलं नाही. माप जुनं आहे, एवढंच. तू मात्र पिशवी गळते म्हणून जेवणच सोडलंस. वजन असंच उतरत राहिलं तर डॉक्टर पुढचं औषध सुरू करणार नाहीत, आणि त्या औषधाशिवाय आजार परत डोकं वर काढेल.

वहिनीला म्हणालास म्हणे, "दिवाळीला पिशवी काढतील, मग पोटभर जेवीन. तोवर ढकलू कसंतरी."

हे ऐकल्यापासून मला घास उतरत नाही. शनिवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. तुझं आतडं पुन्हा जोडता येणार नाही. पिशवी निघणार नाही, दादा. दिवाळीला नाही आणि त्यानंतरही नाही. "सिस्टर, तुम्ही घरच्याच आहात, तुम्ही सांगा," म्हणाले. पेशंटशी कसं बोलायचं ते मी रोज पोरींना शिकवते, आणि तुझ्या दारात आले की जीभ उचलत नाही. वाटतं, हे ऐकून तू पाणीसुद्धा सोडशील. फार भीती वाटते रे.

उद्या ड्यूटी संपली की नवं माप घ्यायला येते. पिशवी राहील, पण गळणं थांबेल. ती शर्टाच्या आत घेऊन चाकणला शिफ्टवर जाणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

रड, चिडून मला शिव्या घाल, काहीही कर. पण दिवाळीची वाट बघत उपाशी राहू नकोस. उद्या मी येईन तेव्हा मला वाढ आणि तूही सोबत बस.

तुझ्या ताटातलं खाऊन मोठी झालेली,
अंजू